माशाच्या जबड्यातली कढई

आमच्या दवाखान्याजवळच्या बागेत मासा बसवला तेव्हा पहिले काही दिवस सगळ्यांना तो बेडूकच वाटला. तोंडच तेवढं होतं. बाकीचा मासा त्या तोंडाला मागून नुसता टेकू म्हणून जोडलाय, असं वाटायचं. कपाळातून एक वाकडी सळई निघून पुढे लोंबत होती आणि तिच्या टोकाला काचेचा गोळा होता. संध्याकाळी तो गोळा पेटला की बागेतले यच्चयावत किडे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. मी दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायला बसते, त्यामुळे माझं लक्ष आधी दातांकडे गेलं. दात म्हणजे नांगराचे जुने फाळ होते, एकाआड एक लावलेले, सगळे आत वळलेले. आमच्या डॉक्टरीणबाई एकदा बघायला आल्या आणि बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "केस अवघड आहे."

सिंहस्थ जवळ आल्यापासून नाशकात रोज कुठे ना कुठे काहीतरी नवं उभं राहतंय, त्यातलंच हे एक. सगळा मासा भंगारातून केलेला. खाली फलकावर लिहिलं होतं की हा खोल समुद्रातला दिव्याचा मासा आहे. तिथं सूर्याचा उजेड पोचत नाही म्हणून तो आपला दिवा आपल्या डोक्यावर घेऊन हिंडतो. नाशिकला समुद्र नाही. आम्हाला आहे ती गंगा, म्हणजे गोदावरी, आणि ती फारशी खोल नाही. पण कुणी काही विचारलं नाही. एक आजोबा मत्स्यावतार म्हणून रोज सकाळी माशाच्या शेपटीवर जास्वंद ठेवू लागले. समोरच्या सोसायटीतल्या बायकांचं म्हणणं पडलं की माशाचं तोंड बरोबर आपल्या गेटकडे आहे, हे काही चांगलं नाही. म्हणून त्यांनी गेटवर एक आरसा टांगला. आता मासा दिवसभर स्वतःकडेच बघत असतो.

एकदा दुपारच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दोघांनी हात जोडले. एका आत्यानं मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आणि संध्याकाळी चांदवडहून मामीचा फोन आला.

"तू त्या जनावराचा खालचा जबडा पाहिला का?"

"पाहिला ना मामी."

"ती माझी कढई हाय."

इथं मला मामा-मामींबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

चांदवडजवळच्या खेड्यात त्यांचं कांद्याचं शेत आहे. मुलगा-सून पुण्याला. घरात दोघंच, आणि एक म्हैस. मामी लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून तिच्याबरोबर एक लोखंडी कढई आली होती. दोघांनी मिळून उचलायची, एवढी. गावात लग्न असो, साखरपुडा असो की दहावा, बुंदी आणि भजी त्याच कढईत तळली जायची. कढई हवी असेल तर माणसं मामीच्या दारात यायची. मामी बसायला सांगायची, चहा ठेवायची आणि विचारायची: कुणाचं लग्न, मुलगी कुठली, जेवायला किती माणसं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणायची, "न्या. पण घासून आणा." कढई परत यायची तेव्हा तिच्यात जे तळलं असेल त्यातलं मूठभर असायचं. मी सुट्टीत जायचे तेव्हा कुणाच्या तरी लग्नाची बुंदी हमखास खायला मिळायची. गावातल्या भानगडी मामीइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या, आणि ते सगळं त्या कढईमुळे.

मग केटरर आले. ते त्यांची भांडी घेऊन येत. मामीची कढई गोठ्याशेजारी पालथी पडून राहिली, तिच्याखाली कोंबड्या बसू लागल्या. एकदा मामी माहेरी गेलेली असताना भंगारवाला दारावर आला. मामांनी जुनं इंजिन दिलं, मोडकी खाट दिली आणि त्याच्याबरोबर कढईही देऊन टाकली. मामी परत आली.

"कढई कुठंय?"

"दिली."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर मामी मामांशी बोलली नाही. चिडचिड नाही, आदळआपट नाही, जेवायला गरम भाकरी मिळायची. फक्त बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर ती म्हशीला सांगायची. "अगं, पाण्याचा पंप चालू राहिलाय म्हणावं." मामाही म्हशीलाच उत्तर द्यायचे. "बंद करतो म्हणावं." पाहुणे आले की म्हशीला सुट्टी मिळायची आणि तिचं काम पाहुण्यांकडे यायचं. वर्षामागून वर्षं गेली तरी हे चालूच होतं. आम्हाला सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही विचित्र आहे, हे नवीन सुनेनं विचारलं तेव्हाच लक्षात आलं.

बागेत मासा बसला त्याच सुमारास मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा डोळा मिळाल्यावर ती दिवसभर मोबाइल हातात धरून जगातली प्रत्येक गोष्ट बोटांनी मोठी करून बघू लागली. माझा फोटोही तिनं तसाच मोठा केला. मी त्यात होते, पण तिला मी दिसलेच नाही. जबड्याच्या दोन्ही बाजूंना दोन कड्या होत्या, एक गोल आणि एक चौकोनी. तिच्या कढईची एक कडी तुटली होती आणि लोहारानं चौकोनी बसवून दिली होती.

"मामांना सांगितलं का?" मी विचारलं.

"म्हशीला सांगितलं," मामी म्हणाली. "ते म्हनत्यात, अशा कढया पन्नास असत्यात. बघायला येतो म्हनत्यात."

रविवारी सकाळी दोघं एसटीनं आले. मी द्वारका चौकात गाडी घेऊन उभी होते. दोघं एकाच बसमधून उतरले, पण मामा पुढच्या दारानं आणि मामी मागच्या. मामांनी पांढरा सदरा, पायजमा, वर काळं जाकीट आणि डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी घातली होती, नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. मामी ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि तिच्या डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा होता. मामा माझ्या शेजारी बसले, मामी मागे.

"त्यांना सांग, पट्टा लावा म्हनावं. पोलीस असत्यात," मामी मागून म्हणाली.

"मामा, पट्टा लावा."

"लावतो म्हनावं. आन तिला सांग, ती कढई तिची नाय. मी डोळ्यांनी बघून सांगनार हाय."

"मामी, मामा म्हणतायत—"

"ऐकलं मी. त्यांना सांग, माझ्या कढईच्या बुडाला आतून ठिगळ हाय. विड्याच्या पानासारखं. ते दिसलं तर काय करायचं ते सांगा म्हनावं."

सिग्नलला मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

बागेत रविवारची गर्दी होती. हास्यक्लबवाले हसून हसून दमले होते आणि बाकांवर बसून केळी खात होते. मासा समोर आला तसे मामा थबकले. फोटोत तो एवढा मोठा वाटला नव्हता. मामांनी नकळत टोपी सरळ केली. मामी मात्र सरळ जबड्यापाशी गेली, चौकोनी कडीला हात लावला आणि चष्मा कपाळावर सरकवून आत बघू लागली. पण दातांच्या रांगेमुळे बूड दिसेना.

"त्यांना सांग, दिसत नाय. आत जाऊन बघावं लागंल."

"मी जातो," मामा म्हणाले. हे ते मला म्हणाले की माशाला, कळलं नाही.

बागेचा वॉचमन आमच्यामागे येऊन उभा राहिला होता. हरसूलकडचा, अंगात दोन माप मोठा निळा ड्रेस. मी त्याला विचारलं, आत गेलं तर चालेल का. तो म्हणाला, "जायला मनाई नाय मॅडम. लहान पोरं जात्यात, फोटो काढत्यात. मोठं मानूस अजून गेलं नाय."

मामांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा बाजूला नीट ठेवल्या आणि दोन दातांमधून आडवे होऊन आत सरकले. पोटाशी क्षणभर अडकले, पण श्वास सोडल्यावर गेले. आत कढईत त्यांनी उकिडवं बसून हातानं बूड चाचपलं. मग हात थांबला.

"काय म्हनत्यात?" मामीनं विचारलं.

"मामा, ठिगळ आहे का?"

"हाय," आतून आवाज आला. आतून म्हणजे अख्ख्या माशातून आला. पत्रा घुमत होता. "पानासारखं."

मामीनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता मामा बाहेर येतील, दोघं गप्पच राहतील आणि मी त्यांना कुठेतरी मिसळ खायला घेऊन जाईन. पण मामा बाहेर येईनात. त्यांनी डोकं बाहेर काढलं, एक हात काढला, मग पोट दातांना लागलं. ते मागे झाले, परत आले. या वेळी जाकीट अडकलं. दात आत वळलेले असल्यामुळे जाताना ते अंगावरून सरकत होते आणि येताना टोचत होते. मी फलकाकडे धावले. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: या माशाचे दात आतल्या बाजूस वळलेले असतात, त्यामुळे भक्ष्य तोंडात सहज शिरते, परंतु बाहेर पडू शकत नाही.

मी ते मोठ्यानं वाचलं. वाचायला नको होतं.

"हे आधी वाचायचं ना, पोरी," मामा कळवळून म्हणाले.

"आनखी काय लिवलंय?" मामीनं विचारलं. तिला आता फलकात रस वाटू लागला होता.

"लिहिलंय की दिवा असलेला मासा म्हणजे मादी. नर बोटाएवढाच असतो. तो मादीला चावून धरतो आणि मग चिकटून बसतो. हळूहळू तिच्या अंगातच विरघळून जातो."

मामीनं जबड्यातून बाहेर आलेल्या मामांच्या डोक्याकडे पाहिलं आणि वॉचमनला म्हणाली, "ह्याला किती दिवस लागतील?"

वॉचमननं ही चौकशी गंभीरपणे घेतली. "साहेबांना विचारतो," असं म्हणून तो फोन लावायला गेला.

मग जे झालं ते फार भराभर झालं. आधी हास्यक्लबवाले आले. पांढरी टोपी, काळं जाकीट, म्हातारा माणूस माशाच्या तोंडात बसलाय, आणि शेजारी कपाळावर काळा चष्मा चढवलेली बाई गप्प उभी आहे, हे बघून त्यांच्यातले एक गृहस्थ हळू आवाजात मला म्हणाले, "उपोषण आहे का?"

"नाही हो, अडकलेत."

"तेच ना. सगळेच अडकलेत," ते म्हणाले आणि माशासमोर हिरवळीवर मांडी घालून बसले. त्यांच्यामागे बाकीचेही बसले. बाहेर फाटकाशी हार विकणाऱ्या बाई होत्या, मखमलाबादकडच्या, घरच्या झेंडूचे हार करून आणायच्या. त्या आत आल्या, काही न विचारता एक हार मामांच्या गळ्यात घातला आणि नमस्कार करून गेल्या. मामांना तहान लागली होती. मी बाटली पुढे केली तर हिरवळीवरून तीन-चार जण ओरडले, "काका, नको! मोडेल!"

"काय मोडंल?" मामा घाबरून दातांकडे बघत म्हणाले.

"उपोषण!"

मामांनी बाटली परत दिली. का दिली, ते त्यांना आजही सांगता येत नाही. एवढी माणसं सांगतायत म्हटल्यावर, असं ते म्हणतात.

नंतर काठीला मोबाइल लावलेला एक माणूस आला. त्याचं स्वतःचं बातम्यांचं चॅनेल होतं. त्यानं मोबाइल मामांच्या तोंडाशी नेला. "काका, आपल्या मागण्या काय आहेत?"

"मला बाहेर काढा."

"कशातून बाहेर?"

"माशातून."

त्यानं मोबाइल स्वतःकडे वळवला. "मित्रांनो, बघा, किती मार्मिक बोलतायत काका." परत मामांकडे. "आणि मुख्य मागणी?"

समोर हिरवळीवर पंचवीसेक माणसं मामांकडे डोळे लावून बसली होती. इतकी वर्षं ज्यांचं बोलणं एक म्हैस ऐकून घेत होती, त्यांच्यासमोर अचानक सभाच भरली होती. मामांनी घसा खाकरला. मासा घुमला.

"मागनी एकच," ते म्हणाले. "हिची कढई हिला परत द्या. मी न विचारता भंगारात दिली. मला वाटलं, पडून हाय. ती पडून नव्हती. ती हिची होती. सारा गाव हिच्या दारात यायचा. माझ्या दारात कुनी यायचं नाय, हिच्या दारात यायचं. हे मला तवा कळलं नाय. झालं एवढंच."

टाळ्या पडल्या. हास्यक्लबचे गृहस्थ उभे राहून म्हणाले, "कढई परत—" आणि बाकीच्यांनी "मिळालीच पाहिजे!" म्हटलं. त्यांना कुठली कढई हे ठाऊक नव्हतं. पण घोषणा बसणारी होती, त्यामुळे ते म्हणत राहिले. मी मामीकडे पाहिलं. तिनं काळा चष्मा परत डोळ्यांवर ओढला होता आणि जबड्याची कडी घट्ट धरून ठेवली होती.

बागेचे साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात मेथीची जुडी होती, कारण ते बाजारातूनच आले होते. त्यांनी मेथीसकट हात जोडले. "काका, तुमच्या भावना आम्ही वरपर्यंत पोचवू."

"वर नगं," मामा म्हणाले. "भाईर पायजे."

वॉचमननं साहेबांना बाजूला नेऊन खरा प्रकार सांगितला. साहेबांचा चेहरा उजळला. अडकलेला माणूस त्यांना आंदोलनापेक्षा खूपच सोपा वाटला. "कटर आणा," ते म्हणाले. "खालचा जबडा कापून टाकू, दहा मिनिटांचं काम."

"कापायचं नाय," मामी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"अहो आजी, आजोबा आत आहेत."

"दिसतंय मला. डोळ्याचं आपरेशन झालंय. कढईला हात लावायचा नाय."

"मग काय करायचं?"

"बसू द्या त्यांना. बसल्यात की नीट."

आतून मामा म्हणाले, "हां, तसा तरास काय नाय." ते असं का म्हणाले देव जाणे, त्यांच्या पाठीत फाळ रुतत होता.

शेवटी साहेबांनी मासा घडवणाऱ्या बाईंना फोन लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. आवाजावरून मुलगी तरुण होती, नुकतीच झोपेतून उठलेली. तिनं आधी विचारलं, माणूस बरा आहे ना. मग म्हणाली, "ती ठिगळवाली कढई? अय्या, ती त्यांची आहे? भंगारात मला सगळ्यात आधी तीच दिसली होती. तिच्याकडे बघूनच तर मासा सुचला. बाकीचा मासा मी नंतर जमवला." पुढे तिनं सांगितलं की कापायची गरज नाही. सफाईसाठी डावीकडचे दोन दात बोल्टवर बसवलेत, पण बोल्ट आतून आहेत, जो आत आहे त्यालाच खोलावे लागतील.

वॉचमननं पाना आणला. मामांनी तो आत घेतला. पण मामांचा चष्मा आत शिरतानाच पडून कुठेतरी माशाच्या पोटात घसरला होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना हाताची बोटंही धड दिसत नाहीत. बाहेरून दातांच्या फटीतून बोल्ट दिसत होते, तेही फक्त एका बाजूनं वाकून नीट बघितलं तर. मी बघितलं, मला सगळा गंजच दिसला. मामी वाकली. तिच्या नव्या डोळ्याला लगेच दिसले.

"त्यांना सांग, डावीकडं," ती म्हणाली.

"मामा, डावीकडे!"

"माझ्या की तिच्या?"

"मामी, तुमच्या की त्यांच्या?"

"त्यांच्या. थोडं खाली."

"मामा, तुमच्या. खाली."

"हे का?"

"ते नाय म्हनावं, ते गालाचं हाय."

"मामा, ते नाही."

"मग हे?"

"ह्यांना सांग—"

मी सांगत होते, मामा पाना लावत होते, मागे हिरवळीवरचे लोकही सांगू लागले होते, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, मोबाइलवाला सगळं दाखवत होता आणि साहेब मेथीनं दिशा दाखवत होते. मामांनी एकदाचा बरोबर बोल्ट पकडला आणि जोर लावून भलत्याच बाजूला फिरवू लागले. बोल्ट आणखी आवळला. मामीनं माझा दंड धरून मला बाजूला सारलं, तोंड थेट जबड्यात घातलं आणि ओरडली,

"अहो, उलटं! उलटं फिरवा! काय मानूस हाय! पंपाचा नट उघडताना बी असंच करता, दर वेळंला!"

आत पाना थांबला. मामांचा आवाज आला, अगदी बारीक. "असं?"

"असं. आता सरळ धरा पाना. सटकंल, बोटाला लागंल."

"धरलाय."

"हां. आता फिरवा. बाई बाई, कसं हे. जाकीट काढा आधी ते."

"काढतो."

दात निघाले, एक आणि मग दुसरा. आधी जाकीट बाहेर आलं, मग मामा, गळ्यात हार तसाच. पायजमा एका बाजूनं फाटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपोषण यशस्वी झालं असं ते धरून चालले. हास्यक्लबच्या गृहस्थांनी मामांना केळं दिलं. ते खाऊन उपोषण सुटलं, आणि मोबाइलवाल्यानं तसं जाहीरही केलं. मी मात्र बाकावर बसले होते. मला हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं, आणि एक अनोळखी बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "होतं असं घरच्यांना. पहिलंच आंदोलन आहे ना?"

साहेब मामीसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी सांगितलं की कढई खरोखर परत हवी असेल तर काय करता येईल ते बघू. मासा तसा जबड्यावाचूनही उभा राहील. मामीनं आत हात घालून ठिगळ चाचपलं. दात काढल्यामुळे आता हात पोचत होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरी नेऊन कोंबड्या बसतील. पन एक हाय. हितं येऊन कुनीही बसतंय, फोटो काढतंय, कुनाला विचारत नाय. माझी कढई हाय. मला विचारायचं."

साहेब हसले. वॉचमन हसला नाही. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "नंबर सांगा आजी."

दुपारी मी त्यांना पंचवटीत जेवायला नेलं. मामा माझ्या शेजारी न बसता मामीसमोर बसले. दोघं बोलत होते, पण जे बोलत होते ते ऐकून मला म्हैसच बरी होती असं वाटायला लागलं. इतक्या वर्षांचं सगळं तुंबून राहिलेलं: कुठल्या लग्नात मामांनी कुणाला काय म्हटलं, गोठ्याचा पत्रा का गळतो, मुलाला पुण्याला जाऊ द्यायला कोण आधी हो म्हणालं. वाढपी दोनदा येऊन परत गेला. भाजी थंड झाली. मध्येच मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तिला सांग जरा—" आणि मामी म्हणाली, "तिला कशाला? मी काय भैरी हाय?"

संध्याकाळी द्वारकेवर त्यांना एसटीत बसवलं तेव्हा दोघं एकाच दारानं चढले. शेजारी बसण्यावरूनही वाद झालाच, खिडकी कुणाला यावरून. बस हलली तेव्हा मामीचं डोकं खिडकीशी होतं आणि हात मामांच्या तोंडासमोर काहीतरी समजावत होता.

वॉचमननं शब्द पाळला. सुरुवातीला मला ती गंमत वाटली होती, पण दोन दात निघाल्यापासून मोठी माणसंही जबड्यात बसायला येतात, आणि कुणीही आलं की तो खरंच फोन करतो. मामी शेतात असली तर बांधावर येऊन घेते. कुठली शाळा, गुरुजी कोण, पोरं किती, चपला काढतील ना, हे सगळं विचारते आणि मग म्हणते, बसू द्या. एकदा धुळ्याच्या एका कुटुंबाला तिनं पाऊण तास ताटकळत ठेवलं, कारण त्यांच्या बोलण्यातून एक लांबचं नातं निघालं आणि मग वॉचमनचा फोन त्या घरातल्या आजीकडेच गेला. मामा म्हणतात, फोनचा रिचार्ज आता महिनाभर पुरत नाही. म्हशीशी बोलायला कुणाला वेळ नाही.

मागच्या आठवड्यात मी दवाखान्यातून निघून बागेत डोकावले तर लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. मुलीच्या अंगावर लांबलचक निळा झगा होता, मुलगा कोटात घामाघूम झाला होता आणि दोघांना जबड्यात बसायचं होतं. वॉचमन त्यांच्यासमोर आडवा उभा राहून फोन कानाला लावून सगळं सांगत होता. पलीकडून मामीचा आवाज मला चार हातांवरून ऐकू येत होता. तिनं मुलीचं माहेर विचारलं, मुलाचं काम विचारलं, लग्न कुठे आहे ते विचारलं. मग विचारलं, जेवणात काय ठेवलंय. मुलगी म्हणाली, अजून ठरलं नाही, बहुतेक पास्ता.

वॉचमननं फोन खाली घेऊन पडद्याकडे बघितलं, कट झालाय का म्हणून.

"त्यांना सांगा," मामी म्हणाली, "आधी बुंदी ठरवा, मग बसा."

ती दोघं बाकावर बसून घरी फोन लावत होती तेव्हा मी निघाले.